हाताची घडी

माझं पोट माझ्या आवाजावर चालतं. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून मी नंबर पुकारते. मधे त्यांनी भिंतीवर लाल आकडे उमटणारं यंत्र लावून बघितलं. म्हातारी माणसं एकमेकांना दुखणी सांगत बसायची, आकडा उमटून निघून जायचा आणि मग जी भांडणं व्हायची ती विचारू नका. शेवटी यंत्र गेलं आणि मी परत आले. तरी यंत्रांवर माझा राग नाही. राग आहे तो यंत्राच्या आड बसून बोलणाऱ्या माणसांवर, आणि तो का आहे हे सांगायलाच बसलेय. गोष्ट माझ्या भाचीची आहे. ती स्वतः कधी सांगायची नाही.

दवाखान्यात मोलाचा असलेला माझा आवाज घरी कवडीमोल. माझा धाकटा भाऊ आणि भावजय, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. भाऊ फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करतो, त्याच्या नखांच्या कडा बाराही महिने तपकिरी. भावजय खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसून लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. नवरा गेल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा शेजारीण म्हणाली होती, "बरं झालं, शांत घर मिळालं." तिला काय ठाऊक! आमच्याइतकं बडबडं घर त्या अख्ख्या इमारतीत नाही. जेवायला बसलं की ताटातलं निवून जातं, कारण हात बोलण्यात गुंतलेले. भावाला गोष्ट रंगवून सांगायची सवय. कारखान्याचा मालक कसा चिडला हे सांगताना एखादा पेला तरी सांडतोच.

त्यांच्या भाषेत प्रत्येकाला हाताने करायचं एक नाव असतं, आणि ते ठेवताना तुम्हाला कोणी विचारत नाही. माझं नाव म्हणजे तोंडापुढे मूठ धरायची आणि फाडकन उघडायची. भोंगा. मी तक्रार केली तर भावजयीने डोळे मिचकावून तीच खूण आणखी मोठी केली. भाचीच्या हनुवटीवर तीळ आहे, म्हणून हनुवटीला बोट लावलं की ते तिचं नाव. शाळेच्या दाखल्यावर दुसरं आहे, पण त्या नावाने आईबापांनी तिला कधी हाक मारलेली नाही. मी तिला नुसतं पोर म्हणते.

पोर तोंडाच्या आधी हाताने बोलायला लागली. तोंडाचं बोलणं ती माझ्याकडून शिकली, त्यामुळे तेही ठणाठणा. शाळेत घातली तर थोड्याच दिवसांत बाईंची तक्रार आली की मुलगी सारखे हातवारे करते. बाकीच्या मुलांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं की एक तोंड बंद होतं, आमच्या पोरीची दोन व्हायची. तिने घरी येऊन आईला विचारलं, हाताची घडी घालून विचार कसा करायचा? भावजयीलाही ते कोडंच. ती म्हणाली, बाईंना विचार, त्या कशा करतात. पोरीने दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं आणि वर्गाबाहेर उभी राहिली.

हिशेबाचं तर विचारूच नका. आपण सगळे 'हातचा एक' म्हणतो आणि तो ठेवतो डोक्यात. पोर तो खरोखर हातात ठेवते. त्यांच्या खुणांमध्ये एका हातावर कितीही मोठी संख्या करता येते. पोर डाव्या हातात एक आकडा धरून ठेवते, उजव्याने पुढचं करते, मधेच डावा हात बदलतो, उजवा थांबतो. दुकानात उभी असली की बाजूच्या माणसाला वाटावं, हिला मुंग्या आल्यात. पण दुकानदाराच्या आधी तिची बेरीज झालेली असते. विचार करतानाही तसंच. बस चुकली, उशीर झाला, उद्या काय घालू, हे सगळं तिच्या बोटांवर दिसतं. भावजय पाठीमागून येऊन तिच्या कोपरांची हालचाल बघूनच ओळखते की आज काहीतरी बिनसलंय. चोरून विचार करायची सोय त्या पोरीला नाही.

कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं. लॅपटॉप जुन्या बाजारातून आणलेला, त्याची बिजागरी तुटकी, म्हणून पडदा दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवून ठेवायचा. विजेचं बटण शिवणयंत्राजवळच असल्याने आईचं यंत्र आणि लेकीचा लॅपटॉप एकाच टेबलावर. आईने लांब शिवण घातली की लेकीचे आलेख थरथरायचे. त्यातही भलत्या खुशीत असायच्या दोघी.

पोरीकडे प्रत्येक कामाला एक सॉफ्टवेअर. फोनने पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की अक्षरं वेगळी करून देणारं एक. आकड्यांच्या लांबच लांब रांगा क्षणात गोळा करणारं एक. अभ्यासाची वेळ लावून देणारं एक, त्यात टोमॅटोचं चित्र होतं. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे बोललेलं लिहून दाखवणारं. वर्गात सर बोलायचे ते पडद्यावर उमटायचं. ते तिने घरी माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, बोल." मी त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईला मनातलं सगळं सांगून आले होते, तेच पुन्हा सांगितलं. भाऊ आणि भावजय पडद्यापुढे डोकं लावून वाचत होते. जिथे जिथे मी शिवी दिली तिथे त्या शहाण्या यंत्राने फुल्या मारलेल्या. भाऊ हसून हसून जमिनीवर बसला. एवढी वर्षं तो समजत होता की बहीण तोंडाने बोलते म्हणजे काहीतरी सभ्यच बोलत असणार.

प्रत्येक सॉफ्टवेअरला घरात एक खूण मिळाली. वेळेवाल्याला हवेत टोमॅटो दाबायचा. लिहून दाखवणाऱ्याला हनुवटीखालून बोटं सरकवायची. भावजय भाजी चिरताना टोमॅटो दाबायची खूण करून पोरीला अभ्यासाला हाकलायची. असं आमचं बरं चाललं होतं.

शेवटच्या वर्षी पोरीला बाहेरगावच्या एका मोठ्या संस्थेने पुढच्या शिक्षणासाठी घेतलं. रोगाची साथ कुठून कुठे पसरेल याचा आकड्यांवरून अंदाज बांधायचं शिक्षण. अट एकच, प्रवेश बंद व्हायच्या आत शेवटच्या वर्षाचा निकाल हातात हवा. पोरीने ते आईबापांना सांगितलं तेव्हा साथ कशी पसरते हे बोटांनी असं दाखवलं, एका घरातून दुसऱ्या, तिथून गावभर, की भाऊ म्हणाला, मला आत्ताच ताप आला.

आणि मग आला पहारेकरी. खरं नाव काहीतरी दुसरं होतं, आम्ही पहारेकरी म्हणायचो. कॉलेजच्या अर्ध्या इमारतीची दुरुस्ती निघालेली, म्हणून शेवटचा पेपर घरी बसून द्यायचा होता, आणि विद्यार्थ्याने चोरी करू नये म्हणून त्याच्या लॅपटॉपमध्ये हे सॉफ्टवेअर बसवायचं. ते कॅमेऱ्यातून बघणार. डोळे कुठे गेले, ओठ हलले का, खोलीत दुसरं कोणी आहे का. संशय आला की लाल खूण. सुरुवातीला लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवायची. पोरीने मागच्या खोलीतल्या भिंती, छत, पलंगाखालची चपलांची खोकी, सगळं दाखवलं. आईबापांना सांगितलं, दाराशीसुद्धा येऊ नका. भावजय तिकडे स्वयंपाकघरात पाय वर घेऊन बसली, जणू जमिनीला कान आहेत.

तीन तासांनी पोर बाहेर आली, बोटं मोडली आणि हाताने म्हणाली, चेंडू सीमेपार. आम्हाला वाटलं, सुटलो.

निकाल राखून ठेवला. कारण, 'परीक्षार्थी कॅमेऱ्याबाहेरील व्यक्तीशी हातांच्या खुणांनी सातत्याने संपर्क साधत असल्याचे आढळले'. सोबत लाल खुणांची लांब माळ. चौकशीला पालकांसह हजर राहावं. पोरीने ते वाचलं तेव्हा तिचे हात काही बोलले नाहीत. मग हसली आणि म्हणाली, "आत्या, गैरसमज आहे. समजावून सांगितलं की कळेल त्यांना. शिकलेली माणसं आहेत." मीही तसंच समजले. आज त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघं. मधे अध्यक्ष, ते तिच्याच विभागाचे जुने प्राध्यापक. एका बाजूला एक मॅडम. दुसऱ्या बाजूला संगणक विभागाचा तरुण माणूस, त्याच्यापुढे लॅपटॉप. अलीकडे आम्ही चौघं. भिंतीवर एक चित्र टांगलेलं, त्यात चाकांच्या खुर्चीतला एक मुलगा, काळा चष्मा घातलेली एक मुलगी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आमची दारे सर्वांसाठी उघडी'. भावाने ते लक्षपूर्वक पाहिलं. चौकट चांगली आहे, म्हणाला, पण पॉलिश घाईत केलंय.

चित्रफीत लावली. पोर पेपरपुढे बसलेली, नजर पडद्यावर, आणि दोन्ही हात आपले नेहमीसारखे चालू.

"कोणाला खुणा करत होतात?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणालाच नाही सर. मी विचार करत होते."

"विचार?"

"हो. मी हाताने विचार करते. घरी आम्ही हातानेच बोलतो. हिशेबही मी तसाच..."

"आणि हा कच्च्या कामाचा कागद?" त्यांनी एक कागद वर धरला. पेपर संपल्यावर प्रत्येकाने तो कॅमेऱ्याला दाखवून नंतर कॉलेजात आणून द्यायचा होता. "हा कोरा आहे. एवढी आकडेमोड, आणि कागदावर रेघ नाही. उत्तरं मात्र बिनचूक. मग ती आली कुठून?"

"हातावर केली सर. मला कागद लागत नाही."

ते शेजारच्या दोघांकडे बघून हसले. "बाळ, विचार डोक्यात करायचा असतो. हातात नाही."

आता हे आईबापांना कोण सांगणार? पोरच. स्वतःवरचा आरोप तिने स्वतःच्या हातांनी आईबापांना सांगायला घेतला. तेवढ्यात संगणकवाला म्हणाला, "बघा सर, आत्तासुद्धा चालूच आहे." त्याला ते गमतीचं वाटलं. मला त्याचा कान पिरगाळावासा वाटला.

"हात खाली ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "चौकशी चालू असताना आपसात बोलायचं नाही."

पोरीचे हात वाक्याच्या मधेच थांबले आणि मांडीवर गेले. भावाला अर्धंच कळलं होतं. लेकीला चोर म्हणतायत, इथपर्यंत. पुढे काय? त्याने तिच्या खांद्याला हात लावला, हनुवटीला बोट लावून तिला हाक मारली. ती त्याच्याकडे बघेना. मग त्याने विचारलं, आणि आयुष्यात फार थोड्या वेळा होतं तसं, हातांबरोबर त्याचा आवाजही निघाला. त्याचा आवाज त्याने कधी ऐकलेला नाही. तो किती मोठा आहे, कसा आहे, त्याला माहीत नाही. मॅडम दचकल्या. दार उघडून शिपाई आत आला आणि भावाच्या मागे येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची टेबलं चकचकीत करणारा माझा भाऊ, त्याच्यामागे शिपाई! माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं.

"तो एवढंच विचारतोय की माझ्या मुलीने काय केलं," मी म्हणाले. माझा दवाखान्यातला आवाज लागला. "चित्रफितीत ती काय बोलतेय ते मी सांगते. पहिल्यापासून लावा."

"आपण कोण?"

"आत्या."

"म्हणजे नातेवाईक. नातेवाइकाचं भाषांतर ग्राह्य धरता येत नाही."

"मग तिलाच विचारा."

"आरोप तिच्यावर आहे. तिचं कसं धरणार?"

"मग तुमचा माणूस आणा, ही भाषा येणारा."

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. असा माणूस कॉलेजात नव्हता, आणि बाहेरून आणायची तरतूद नव्हती. म्हणजे पोरीच्या हातात काय आहे हे वाचता येणारी खोलीत चार माणसं, आणि चौघांनाही वाचायची बंदी. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी निकाल द्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरीच झालेली नव्हती.

या सगळ्यात भावजय मात्र चित्रफीतच बघत होती. तिला कोणी थांबवलं नव्हतं, कारण तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. आणि एका जागी ती एकदम हसली. तोंडावर ओढणी धरून हसली.

"त्या का हसल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

पोर लाल झाली. मी पडद्याकडे पाहिलं, संगणकवाल्याने तो भाग पुन्हा लावला, आणि मलाही दिसलं. पाचव्या प्रश्नाशी येऊन पोरीने डावा हात बाहीवरून उलटा फिरवला होता. ती भावजयीची खास शिवी आहे, तिच्या धंद्यातली. बाही उलटी जोडणारा, म्हणजे महामूर्ख.

"तिने हा प्रश्न काढणाऱ्याला उलटी बाही म्हटलंय," मी सांगून टाकलं. "मूर्ख."

"तो प्रश्न मी काढला होता," अध्यक्ष म्हणाले. त्यांचे कान तापलेले दिसत होते.

"पण माझं भाषांतर तर ग्राह्य नाही ना?" मी म्हणाले. "मग वाईट कशाला वाटून घेता?"

मॅडम खाली मान घालून हसल्या. नंतर जिन्यात गाठून म्हणाल्या, मला फार वाईट वाटलं हो. मी म्हटलं, ते आत का नाही वाटलं? त्यावर त्या घड्याळ बघत निघून गेल्या.

आम्हाला बाहेर बसवलं आणि पुन्हा आत बोलावलं. समितीने सहानुभूतीने विचार केला होता. सहानुभूती म्हणजे अशी. घरी दिलेला पेपर रद्द. एका महिन्याने फेरपरीक्षा, कॉलेजात, पहारेकरी चालू, समोर पर्यवेक्षक. डावा तळवा पूर्ण वेळ टेबलावर पालथा ठेवायचा. उजवा हात फक्त लिहायला आणि टंकायला. हातांची अन्य कोणतीही हालचाल आढळली की पेपर जागच्या जागी रद्द.

"मान्य आहे," पोर म्हणाली.

रस्त्यात मी तिच्यावर बरसले. मान्य आहे? काय मान्य आहे? एखाद्याला सांगायचं, पेपर लिही पण श्वास घेऊ नकोस, आणि तो म्हणणार मान्य आहे? मी अर्ज करीन, वर जाईन, वर्तमानपत्रात देईन. माझा आवाज कशासाठी आहे?

"आत्या," ती म्हणाली, "तू वर जाशील तोपर्यंत तिकडचा प्रवेश बंद होईल. मला पास व्हायचंय. जिंकायचं नाहीये."

तिच्यावरही रागावले मी त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

मग सुरू झाला सराव. त्या पहारेकऱ्याची एक फुकट सरावाची आवृत्ती मिळत होती. ती पोरीने लॅपटॉपवर घातली. हात हलला की तो टिंग करायचा. पहिल्या दिवशी सगळा वेळ टिंग टिंग टिंग, दारावरची घंटा वेडी व्हावी तसं. पोर एक गणित घ्यायची, डावा हात आकडा धरायला उचलायची आणि टिंग. पुन्हा हात खाली. आकडा निसटायचा. पुन्हा पहिल्यापासून. जे गणित ती बस थांब्यापर्यंत जाता जाता करायची त्याला अख्खी संध्याकाळ. कागद घेऊन पायऱ्या लिहायला लागली तर इतकी हळू, जणू पहिलीत बसवलंय. एकदा तर तिने डाव्या हातावर इस्त्रीच ठेवली, गार होती म्हणून बरं. त्या वजनाखाली बोटं वळवळताना मला दिसत होती.

आणि ते टिंग घरात ऐकू यायचं फक्त दोघींना. तिला आणि मला.

भावजय त्याच टेबलावर शिवत असायची. तिला काय ठाऊक, लेक काय करतेय. पोरीने सांगितलं होतं, सराव चालू आहे म्हणून. भावजय चहा आणून ठेवायची आणि विचारायची, साखर पुरे का? पोर उत्तर द्यायला हात उचलायची. टिंग. हात खाली. मान हलवून हो. भावजय कपड्याचा तुकडा दाखवून विचारायची, हा रंग बघ कसा आहे? टिंग. मान हलवून छान. टोमॅटोची खूण करून म्हणायची, आता उठ, खूप झालं. टिंग नाही. पोरीने नुसती डोळ्यांची उघडझाप केली.

मी बघत होते. टिंग कमी कमी होत गेलं. पोरीला वाटत होतं, प्रगती आहे. मीही एकदा तिला शाबास म्हणाले, काय अवदसा आठवली होती मला. भावजयीला टिंग कमी झालेलं कळायचं कारण नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की लेक हल्ली बोलत नाही. एकदा स्वयंपाकघरात तिने मला विचारलं, ती माझ्यावर रागावलीय का? मी त्या दिवशी हसले म्हणून? ती चित्रफीत बघताना?

मी तिला सांगितलं की नाही, रागावलेली नाही, सराव करतेय. भावजय म्हणाली, कसला सराव? गप्प बसण्याचा? आणि मी भाजीत मीठ घालायला वळले.

फेरपरीक्षेच्या दिवशी दवाखान्यात रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले. दाराला काचेची पट्टी होती, त्यातून आत दिसत होतं. एवढ्या मोठ्या खोलीत एकटी पोर, समोर पर्यवेक्षक, वर कॅमेरा. डावा हात टेबलावर पालथा. तिने तो इतका दाबून धरला होता की नखं पांढरी पडलेली. अर्ध्या वेळाने पर्यवेक्षक उठून खिडकीपाशी गेला, आणि मोबाइल बघत सावकाश त्याच्या हाताची बोटं खिडकीच्या गजावर ताल धरायला लागली. त्याला बरं चालतं. मला वाटलं, आत जाऊन त्याच्या बोटांवर एक द्यावी.

पोरीचा हात हलला नाही. एकदाही नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा गेला?"

"झाला," ती म्हणाली. नुसतं तोंडाने. सोबत हात आले नाहीत. माझ्याशी ती बोलते तेव्हाही हात असतातच, उगाचच, फोडणीसारखे. मी म्हटलं, दमली असेल.

निकाल लागायच्या दिवशी आम्ही चौघंही टेबलापाशी. भावजयीने शिवणयंत्र झाकून ठेवलेलं. भाऊ कारखान्यातून लवकर आलेला, हात घासून घासून धुतलेले, तरी कडा तपकिरीच. पोरीने फोनवर बघितलं. बराच वेळ बघितलं. तिच्या नेहमीच्या गुणांपेक्षा बरेच कमी होते ते, नंतर मी पाहिले. पण संस्थेला हवे होते तेवढे होते.

"पास," ती म्हणाली. "तिकडची जागा पक्की झाली."

तोंडाने म्हणाली.

भाऊ तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्याला ओठ वाचता येत नाहीत, त्याने कधी शिकायचा प्रयत्नच केला नाही, घरात गरज काय होती? त्याने हनुवटीला बोट लावलं. तिचं नाव. मग भुवया उंचावल्या. काय झालं?

"पास झाले, बाबा," ती म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने.

मोठ्याने! जन्मापासून ज्या मुलीला ठाऊक आहे की या घरात ओरडून उपयोग नाही, ती आपल्या बापाशी मोठ्याने बोलली. मला त्या क्षणी ती लांब टेबल मांडलेली खोली आठवली, ते चित्र, तो पालथा तळवा, आणि वाटलं, आत्ता जाऊन त्या अध्यक्षाला इथे ओढून आणावं आणि या खुर्चीत बसवावं. बघ म्हणावं. घे तुझा बिनचोरीचा पेपर.

भाऊ माझ्याकडे वळला. त्याने तोंडापुढे मूठ धरून उघडली. भोंगा, ती काय म्हणतेय?

त्या बापलेकीत आजवर कोणी तिसरं लागलं नव्हतं. कॉलेजला न मिळालेला दुभाषी आता आमच्या जेवणाच्या टेबलाला लागत होता, आणि नातेवाईक चालणार होता. मी सांगितलं. पास झाली म्हणतेय, जागा मिळाली म्हणतेय.

त्यांच्यात टाळ्या वाजवत नाहीत. दोन्ही हात वर करून हवेत हलवतात. भाऊ उभा राहिला, भावजय उभी राहिली, आणि दोघांचे हात त्या लहानशा खोलीत छताखाली खूप वेळ हलत राहिले. पोर त्यांच्याकडे बघून हसत होती. तिचे दोन्ही तळवे टेबलावर होते, पालथे.